उपहासाचे अंतर : ‘स्टार ट्रेक’मधील एक फसलेला भाग आणि वगाची कसोटी

१

विज्ञानकथा आणि उपहास यांचे नाते जुने आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ल्यूशियन या ग्रीक लेखकाने चंद्रावरील राजाच्या लढाईचे वर्णन केले, ते आपल्या काळातील इतिहासकार व प्रवासी यांच्या थापांची टर उडविण्यासाठी होय. १७२६ साली प्रसिद्ध झालेल्या गलिव्हरच्या प्रवासवृत्तांतात स्विफ्टने हवेत तरंगणारे बेट कल्पिले. परंतु त्या बेटावरील विद्वान ओळखण्यास लंडनच्या वाचकाला फारसे श्रम पडले नसावेत. दूरचा प्रदेश निर्माण करावयाचा आणि त्या प्रदेशात वाचकाला स्वतःचीच आळी दाखवावयाची, ही या प्रकाराची मूळ रीत आहे.

या रीतीत अंतराला फार महत्त्व आहे. अंतरामुळे लेखकाला बोलण्याची मोकळीक मिळते. जे राजधानीत म्हणता येत नाही ते चंद्रावर म्हणता येते. परंतु तेच अंतर प्रेक्षकाला पळवाटही देते. ‘हे लोक निराळे, हा ग्रह निराळा, आपला त्यांच्याशी संबंध नाही’ असे म्हणून तो सुखाने हसू शकतो. म्हणून उपहासात्मक विज्ञानकथेची परीक्षा करताना, तिने किती दूरचे जग कल्पिले यापेक्षा ते जग तिने शेवटी किती जवळ आणले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील ‘ब्रेड अँड सर्कसेस’ या भागाचा विचार प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने केला आहे. हा भाग सर्वस्वी टाकाऊ असता तर त्याच्या विवेचनाची आवश्यकता नव्हती. त्याची कल्पना उत्तम आहे, काही प्रसंग तीक्ष्ण आहेत, आणि तरीही तो निराशा करतो. ही निराशा कोठून उत्पन्न होते हे समजण्यासाठी येथे जी कसोटी वापरली आहे ती पाश्चात्त्य समीक्षेतून घेतलेली नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या परिसरात आजही जिवंत असलेल्या तमाशाच्या परंपरेतील वगाची ती कसोटी आहे. वगही दूरचे जग कल्पितो. इंद्राची सभा, गोकुळ, नाव नसलेल्या राजाचा दरबार ही त्याची ठरीव स्थळे होत. ही स्थळे तो गावात कशी आणून सोडतो, हे या भागाच्या संदर्भात पाहण्यासारखे आहे.

२

‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेतील एन. बी. सी. या प्रक्षेपण संस्थेने दाखविली. तिचे एकूण ७९ भाग झाले. पुढे १९८० च्या दशकात दूरदर्शनवरून ती भारतीय प्रेक्षकांनाही पाहावयास मिळाली. ‘ब्रेड अँड सर्कसेस’ हा दुसऱ्या वर्षातील भाग १५ मार्च १९६८ रोजी प्रक्षेपित झाला. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी व निर्माते जीन कून यांनी त्याचे लेखन केले असून राल्फ सेनेन्स्की हे त्याचे दिग्दर्शक होत.

कथानक थोडक्यात असे आहे. सहा वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या ‘बीगल’ या यानाचे अवशेष ‘एंटरप्राइज’ यानाला सापडतात. कप्तान कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मकॉय जवळच्या ग्रहावर उतरतात. या ग्रहावर रोमन साम्राज्याचा अस्त झालेलाच नाही. ते विसाव्या शतकात येऊन पोचले आहे. तेथे मोटारी आहेत, सचित्र मासिके आहेत, रोमन देवतांची नावे दिलेल्या मालाच्या जाहिराती आहेत, पहारेकऱ्यांच्या हाती बंदुका आहेत. आणि गुलामही आहेत. मल्लांची प्राणघातक द्वंद्वे आता आखाड्यात न होता दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणगृहात होतात आणि घरोघरी पाहिली जातात. ‘बीगल’चा कप्तान मेरिक हा कर्कचा जुना सहाध्यायी. तो येथे ‘मेरिकस’ या नावाने प्रथम नागरिक आणि खेळांचा अधिपती होऊन बसला आहे. स्वतःचे प्राण वाचविण्यासाठी त्याने आपल्याच सहकाऱ्यांना आखाड्यात उतरविले. क्लॉडियस मार्कस या राज्यपालाची इच्छा अशी की, कर्कनेही तसेच करावे. कर्क नकार देतो. स्पॉक व मकॉय यांना द्वंद्वात ढकलले जाते, कर्कला मृत्युदंड फर्मावला जातो. अखेर यानावरील अभियंता स्कॉट शहराचा वीजपुरवठा खंडित करतो, पश्चात्तापदग्ध मेरिक प्राणाचे मोल देऊन संपर्कयंत्र कर्कच्या हाती पोचवितो, आणि तिघांची सुटका होते.

भागाचे शीर्षक जुव्हेनल या रोमन कवीच्या सुप्रसिद्ध उक्तीवरून घेतले आहे. एके काळी राज्याचे अधिकार वाटणारी रोमन जनता आता भाकरी आणि खेळ यांवर समाधान मानते, असा त्या उक्तीचा रोख आहे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. जुव्हेनलचा आघात मुख्यतः सम्राटावर नाही, तो जनतेवर आहे. आणि ती जनता त्याच्या स्वतःच्या नगरातील आहे. शीर्षक निवडताना लेखकांनी ही जबाबदारी आपणहून पत्करली होती.

३

या भागातील चांगल्या गोष्टींची नोंद प्रथम करणे न्यायाचे होईल. चित्रीकरणगृहातील द्वंद्वाचा प्रसंग मालिकेतील उत्कृष्ट उपहासात्मक प्रसंगांपैकी एक आहे. ‘नेम द विनर’ असे त्या कार्यक्रमाचे नाव. सूत्रधार गोड आवाजात मल्लांची ओळख करून देतो. आखाड्याभोवती प्रेक्षक नाहीत. टाळ्या, धिक्कार आणि आरोळ्या एका यंत्राची बटणे फिरवून निर्माण केल्या जातात. फ्लेव्हियस हा मल्ल बंधुभावाच्या पंथात गेल्यामुळे अनिच्छेने लढतो, तेव्हा त्याला चाबूक दाखविला जातो. त्याहूनही मोठी धमकी अशी की, त्याच्यामुळे प्रेक्षकसंख्या घटली तर त्याच्यावरच एक विशेष कार्यक्रम सादर करण्यात येईल. क्रौर्य येथे व्यवसायाच्या भाषेत बोलते, आणि ही भाषा लेखकांना रोजच्या कामातून परिचित होती, हे सहज जाणवते.

या धमकीला तत्कालीन परिस्थितीचाही एक संदर्भ आहे. प्रेक्षकसंख्येच्या अभावी ‘स्टार ट्रेक’ बंद पडणार अशी चिन्हे १९६७ च्या अखेरीस दिसू लागली होती. चाहत्यांनी हजारो पत्रे पाठविली. १ मार्च १९६८ रोजी प्रक्षेपण संस्थेने मालिका पुढे चालू राहणार असल्याची घोषणा प्रक्षेपणातूनच केली. प्रस्तुत भाग त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी दाखविला गेला. तेव्हा प्रेक्षकसंख्येसाठी माणसे मारणाऱ्या संस्थेची कथा अशा लोकांनी लिहिली होती, ज्यांची स्वतःची मालिका प्रेक्षकसंख्येच्या टांगत्या तलवारीखाली होती. व्हिएतनाममधील युद्धाची दृश्ये त्याच काळात अमेरिकन घरांतून संध्याकाळच्या बातम्यांत दिसत होती. उपहासाला याहून अधिक अनुकूल काळ क्वचितच लाभतो.

कोठडीतील स्पॉक व मकॉय यांच्या संवादाचाही उल्लेख केला पाहिजे. एकमेकांना सतत टोचून बोलणारी ही दोन पात्रे तेथे क्षणभर आपली चिंता उघडी करतात. मात्र या प्रसंगाचे यश स्वभावचित्रणाचे आहे. उपहासाशी त्याचा संबंध नाही.

४

मग हा भाग फसतो कोठे? पहिले उत्तर असे की, ज्या जनतेविषयी शीर्षक बोलते ती जनता भागात कोठेही येत नाही. राज्यपाल आहे, पहारेकरी आहेत, गुलाम आहेत, चित्रीकरणगृहातील कर्मचारी आहेत. परंतु घरात बसून हे द्वंद्व पाहणारा, जेवता जेवता पैज लावणारा, मल्ल पडला की हळहळणारा किंवा खूष होणारा एकही नागरिक पात्र म्हणून उभा राहत नाही. टाळ्यांच्या यंत्राची कल्पना कितीही चतुर असली तरी तिने एक विपरीत परिणाम साधला आहे. खोट्या टाळ्यांवर हसताना, खऱ्या टाळ्या वाजविणाऱ्यांविषयी विचार करण्याची गरजच उरत नाही. दोष संपूर्णपणे यंत्रावर व यंत्र चालविणाऱ्यावर जातो. जुव्हेनलचा आघात ज्यांच्यावर होता ते सुटतात. आणि त्यांच्याबरोबर १९६८ चा अमेरिकन प्रेक्षकही सुटतो.

दुसरे उत्तर मेरिक या पात्राविषयीचे आहे. या कथेतील सर्वांत अर्थपूर्ण माणूस तोच. तो पृथ्वीचा आहे, कर्कच्याच शिक्षणसंस्थेत शिकलेला आहे, आणि खेळांचा अधिपतीही आहे. आपल्यातील एक सुशिक्षित मनुष्य सुखवस्तू जीवनाच्या बदल्यात करमणुकीच्या यंत्राला माणसे पुरवू लागतो, हे या भागाचे केंद्र होऊ शकले असते. त्या मनुष्याने स्वतःची समजूत कशी घातली, पहिला सहकारी देताना त्याला काय वाटले आणि दहावा देताना काय वाटले, हे कळते तर प्रेक्षकाला आपल्याच जगातील निर्मात्याचा चेहरा दिसला असता. लेखकांनी मात्र मेरिकच्या अधःपाताचे स्पष्टीकरण आधीच देऊन टाकले आहे: तो शिक्षणकाळात मानसिक कसोटीत अनुत्तीर्ण झाला होता. म्हणजे प्रश्न व्यवस्थेचा न राहता एका दुर्बल व्यक्तीचा झाला. जो उत्तीर्ण झाला त्या कर्कला मोह पडत नाही, शंकाही येत नाही. नायक आणि उपहासाचा विषय यांच्यामध्ये पोलादी भिंत उभी राहते.

तिसरे आणि निर्णायक उत्तर शेवटात आहे. सुटकेनंतर यानावर चर्चा होते. सूर्याची पूजा करणाऱ्या पंथात विश्वबंधुत्वाचे तत्त्वज्ञान कसे आले, याचे स्पॉकला कोडे पडते. ग्रहावरील प्रक्षेपणे ऐकत असलेली उहुरा खुलासा करते की, ते लोक आकाशातील सूर्याला भजत नव्हते. इंग्रजीत सूर्य आणि पुत्र या अर्थांच्या शब्दांचा उच्चार एकच असल्यामुळे सर्वांचा गैरसमज झाला होता. त्यांची भक्ती ईश्वराच्या पुत्रावर होती. याचा अर्थ या ग्रहावर ख्रिस्ती धर्माचा उदय होत आहे आणि कालांतराने तो तेथील रोमवर विजय मिळवील, असे सूचित होऊन भाग संपतो.

हा शेवट केवळ एका श्लेषावर उभा आहे, हा त्याचा किरकोळ दोष झाला. मोठा दोष असा की, तो उपहासाची दिशाच फिरवितो. आरंभी मोटारी, मासिके व जाहिराती यांच्या योगाने हा रोम म्हणजे अमेरिका असे सांगितले गेले होते. शेवटी प्रेक्षकाला सांगितले जाते की, तो रोमचा नव्हे, रोमला जिंकणाऱ्यांचा वारस आहे. ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे त्याला न्यायाधीशाच्या शेजारी खुर्ची मिळते. इतिहासाच्या दृष्टीनेही हे समाधान टिकत नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिल्यानंतरही रोममधील मल्लांची द्वंद्वे जवळजवळ शतकभर चालू राहिली. प्रेक्षकांनी देव बदलला, परंतु आखाड्यातील आपली जागा लगेच सोडली नाही. या वस्तुस्थितीत जो उपरोध आहे, तो लेखकांना हाती लागला असता तर हा भाग निराळा झाला असता.

५

येथे वगाची कसोटी उपयोगी पडते. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा शिरूर–दौंड हा मुलूख तमाशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. उत्तरेला लागूनच जुन्नर तालुक्यातील नारायणगाव. तेथे यात्रांच्या हंगामापूर्वी ढोलकी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात. दौंड तालुक्यात पुणे–सोलापूर रस्त्यावरील चौफुला हे संगीत बारीचे प्रसिद्ध ठिकाण होय. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावाने तमाशाला कलावंत व लेखक दिले. २०२१ साली निधन पावलेले शाहीर बशीर मोमीन कवठेकर हे त्यांतील एक. लावणी, गण, गवळण आणि वगनाट्य असे विविध लेखन त्यांनी फडांसाठी केले, आणि राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराने त्यांचा सन्मान झाला. संगीत बारीत गायन व नृत्य यांना प्राधान्य असते. वग हा मुख्यतः ढोलकी फडाचा विशेष आहे. पुढील विवेचन त्यासंबंधी आहे.

तमाशात गणानंतर गवळण येते. स्थळ गोकुळ, काळ द्वापरयुग. गवळणी मथुरेच्या बाजारास निघाल्या आहेत, बरोबर मावशी आहे, आणि वाटेत कृष्ण व पेंद्या आडवे येऊन दाण मागतात. वास्तविक या जगाचे प्रेक्षकापासूनचे अंतर परग्रहाहून कमी नाही. परंतु मावशीने तोंड उघडताच ते अंतर नाहीसे होते. मथुरेची वाट जेथे खेळ चालू आहे त्या गावची वाट होते. दुधाचा भाव कालच्या आठवडी बाजारातील होतो. आणि अडवून दाण मागणारा देव एकदम नाक्यावरच्या वसुली करणाऱ्याच्या ओळीत जाऊन बसतो. मावशी देवाची थट्टा करते, आणि त्याच दमात स्वतःचीही करते. पुढे बसलेल्या प्रतिष्ठितांनाही ती सोडत नाही.

हरिभाऊ वडगावकर यांनी लिहिलेला आणि दादू इंदुरीकर यांनी गाजविलेला ‘गाढवाचं लग्न’ हा वग या दृष्टीने विशेष पाहण्यासारखा आहे. त्याची मूळ कल्पना अद्भुताची आहे. शापामुळे स्वर्गातील गंधर्व गाढव होऊन पृथ्वीवर येतो, सावळ्या कुंभाराच्या घरी राहतो आणि राजकन्येशी विवाह करू इच्छितो. स्वर्गातून पृथ्वीवर झालेले हे आगमन विज्ञानकथेतील परग्रहवासीयाच्या आगमनापेक्षा फार निराळे नाही. परंतु वगाचा मध्यबिंदू गंधर्व नाही, सावळ्या आहे. अद्भुत घटना अठराविश्वे दारिद्र्य असलेल्या घरात येऊन पडते आणि दरबाराची सारी प्रतिष्ठा त्या कुंभाराच्या भाषेतून तपासली जाते. हसू राजावर येते, प्रधानावर येते. परंतु सावळ्याच्या भाबडेपणावर आणि लोभावरही येते, आणि सावळ्या तर प्रेक्षकांपैकीच आहे.

वसंत सबनीस यांनी १९६५ साली हीच रीत शहरी रंगभूमीवर आणली. ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातील राजा, प्रधान, कोतवाल आणि हवालदार कोणत्या काळातील, हे कोणी विचारीत नाही. दादा कोंडके यांचा हवालदार त्या त्या दिवसाच्या राजकारणावर ऐनवेळी जे बोले, त्यामुळे तो दरबार प्रत्येक प्रयोगात ताजा होई. ‘ब्रेड अँड सर्कसेस’ प्रक्षेपित झाला त्या वर्षी हे लोकनाट्य महाराष्ट्रात चालू होते, हा केवळ योगायोग आहे; परंतु दोहोंची तुलना करण्यास तो सोयीचा आहे.

या उदाहरणांतून वगाची रीत अशी सांगता येईल. दूरचे जग उभे करावयाचे; त्यात हसणाऱ्याचा एक प्रतिनिधी ठेवावयाचा, तो म्हणजे सोंगाड्या; आणि या प्रतिनिधीला निर्दोष ठेवावयाचे नाही. सोंगाड्या दरबारातील लाचखोरीवर बोलतो आणि संधी मिळताच स्वतःही हात पुढे करतो. म्हणून त्याच्यावर हसणारा प्रेक्षक आपल्यावरही हसतो. ‘ब्रेड अँड सर्कसेस’मध्ये असा सोंगाड्या नाही. मेरिक तो होऊ शकला असता. परंतु त्याच्याकडून विनोद काढून घेतला गेला आणि त्याच्या पदरी केवळ लज्जा उरली.

६

या तुलनेवर एक आक्षेप संभवतो. वगाचा प्रेक्षक समोर बसलेला असतो; त्याच्या प्रतिसादाप्रमाणे नट संवाद वाढवितो, बदलतो. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक अदृश्य असतो. त्यातच जाहिरातदार, प्रक्षेपण संस्था आणि ठरलेला वेळ यांची बंधने. ग्रामीण तमाशाची मोजपट्टी अशा माध्यमाला लावणे अन्यायाचे नव्हे काय?

आक्षेप विचारार्ह आहे, परंतु तो टिकत नाही. पहिली गोष्ट अशी की, बंधने तमाशालाही होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशाच्या संहितांना सरकारी पूर्वपरीक्षणातून जावे लागले. सुपारी देणारे गाव, यात्रेची पंचमंडळी, मैदानाचा मालक यांचा धाक निराळाच. ज्या जातिसमूहांतून बहुसंख्य तमाशा कलावंत आले त्यांचे गावातील स्थान ध्यानात घेतले तर, पाटलासमोर पाटलावर विनोद करण्यात किती जोखीम होती हे कळून येईल. जोखीम असूनही विनोद झाला. किंबहुना जोखमीमुळेच तो नेमका झाला.

दुसरी गोष्ट अशी की, त्याच मालिकेने त्याच वर्षी ही परीक्षा उत्तीर्ण करून दाखविली होती. १२ जानेवारी १९६८ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘ए पीस ऑफ द अॅक्शन’ या भागातही पृथ्वीसारखाच एक ग्रह आहे. शिकागोतील गुंडांच्या टोळ्यांविषयीचे एक पुस्तक तेथे पूर्वीच्या यानाकडून मागे राहिले आणि तेथील समाजाने ते धर्मग्रंथासारखे अनुसरले. कर्क आरंभी या लोकांना शहाणपण शिकवू पाहतो. परंतु काम साधत नाही असे दिसताच तो त्यांचाच पोशाख चढवितो, त्यांचीच भाषा बोलतो, आणि अखेर सर्व टोळ्यांना एकत्र करून त्यांच्या मिळकतीतून आपल्या संघराज्यासाठी वाटा ठरवून घेतो. सुसंस्कृत संघराज्य आणि गुंडांची टोळी यांतील भेद क्षणभर पुसट होतो. येथे कर्कच सोंगाड्या झाला आहे, आणि म्हणून हसू यानापर्यंत पोचते. दोन्ही भागांत उसना पृथ्वीसारखा ग्रह आहे. तयार नेपथ्य व पोशाख वापरून खर्च वाचविण्याची ती या मालिकेची नित्याची युक्ती होती. तेव्हा फरक साधनांचा नाही, उपहासकाने स्वतःला कोठे उभे केले याचा आहे.

तिसरी गोष्ट दूरचित्रवाणीच्या माध्यमाविषयीची. २९ जुलै १९६८ रोजी, म्हणजे प्रस्तुत भागानंतर चार महिन्यांनी, बी. बी. सी. ने नायजेल नील यांचे ‘द इयर ऑफ द सेक्स ऑलिम्पिक्स’ हे दूरचित्रवाणी नाटक दाखविले. विषय जवळजवळ तोच: जनतेला निष्क्रिय ठेवण्यासाठी चालविलेली करमणूक. परंतु नील यांनी प्रेक्षक दाखविला. एका माणसाचा अपघाती मृत्यू पडद्यावर दिसतो तेव्हा प्रेक्षक हसतात, आणि त्या हास्यावरून निर्मात्यांना नव्या कार्यक्रमाची कल्पना सुचते: एका कुटुंबाला निर्जन बेटावर ठेवावयाचे आणि त्याचे हाल सतत दाखवीत राहावयाचे. त्या बेटावर जातो तोही याच व्यवसायातील एक मनुष्य, आपल्या माणसांना बरोबर घेऊन. अदृश्य प्रेक्षकाला दृश्य करता येते आणि निर्मात्याला खेळात उतरविता येते, हे या नाटकाने सिद्ध केले. तेव्हा ‘ब्रेड अँड सर्कसेस’चा दोष माध्यमाच्या माथी मारता येणार नाही.

७

वगाला कसोटी मानताना त्याच्या मर्यादा लपविण्याचे कारण नाही. अनेक वगांचा शेवट राजाच्या न्यायाने होतो. ज्या दरबाराची रात्रभर थट्टा झाली तोच पहाटे सर्वांना योग्य फळ देतो आणि व्यवस्था पूर्ववत चालू राहते. गंधर्वाचा शाप सुटतो, परंतु कुंभाराची गरिबी सुटतेच असे नाही. स्त्रीच्या बाबतीत तर तमाशाचा उपहास वारंवार आंधळा ठरला आहे. फडाची मालकी करणाऱ्या, फड सांभाळणाऱ्या समर्थ स्त्रिया या परंपरेत होऊन गेल्या. तरी रंगमंचावर स्त्रीकडे पाहणारी नजर विनोदाचा विषय क्वचितच झाली. ‘ब्रेड अँड सर्कसेस’मध्येही ड्रुसिला नावाची गुलाम स्त्री कर्ककडे एका रात्रीसाठी पाठविली जाते, आणि गुलामगिरीचा निषेध करणारी कथा या प्रसंगाकडे निषेधाच्या दृष्टीने पाहत नाही. या एका बाबतीत दोन्ही परंपरांची चूक सारखीच आहे, आणि चुकीचे कारणही सारखे आहे: प्रेक्षकाची जी आवड दुखवावयाची नव्हती तिथे उपहास थांबला.

यावरून कसोटी अधिक नेमकी करता येते. उपहास किती कठोर आहे, शब्द किती धारदार आहेत, लक्ष्य किती बलाढ्य आहे, यांवर त्याचे मूल्य ठरत नाही. तो आपल्या आश्रयदात्याच्या दारापर्यंत जातो की नाही, आणि आश्रयदात्यांत प्रेक्षकाची गणना करतो की नाही, यावर ते ठरते. ‘ब्रेड अँड सर्कसेस’ हा भाग प्रक्षेपण संस्थेच्या दारापर्यंत गेला. तेवढे धैर्य त्याने निश्चित दाखविले आणि चित्रीकरणगृहातील प्रसंगाचे तेज त्याचेच आहे. परंतु प्रेक्षकाच्या दाराशी येताच तो वळला आणि त्याने त्याच्या धर्माचा गौरव करून निरोप घेतला.

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांचा अभ्यास मराठीत अद्याप बाल्यावस्थेत आहे. तो करताना पाश्चात्त्य समीक्षेची परिभाषा घ्यावीच लागेल; परंतु उपहासाच्या प्रश्नात मराठी अभ्यासकाच्या हाती स्वतःचे एक साधन आहे. राजाचा दरबार गावच्या मैदानावर कसा उतरवावा, याचा विचार वगाने पिढ्यानपिढ्या केला आहे. परग्रहावरील दरबारांची परीक्षा त्या विचाराच्या आधारे केल्यास, कोणती कथा केवळ दूर गेली आणि कोणती परतही आली, हे सांगणे सोपे जाईल. ‘ब्रेड अँड सर्कसेस’ या भागाचा समावेश पहिल्या वर्गात करावा लागतो.